झॉम्बी कुणाच्या शेतात राबतो?

इतिहासाच्या विद्यार्थ्यानं ‘मला झॉम्बीचे सिनेमे आवडतात’ असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘बरं, आणि पीएचडीचा विषय काय?’ तुमच्यापैकी बरेच जण पेटच्या मुलाखतीची किंवा प्रपोजलची तयारी करत असाल, म्हणून सांगतो. ‘आवडतं’ हे संशोधनाचं कारण म्हणून कुणी मान्य करत नाही. पण ‘नेमकं काय आवडतं’ हा प्रश्न चिवटपणे लावून धरला तर तो थेट दफ्तरखान्यापर्यंत नेऊन सोडतो. आज झॉम्बीवर तेच करून बघू.

माझी कसोटी साधी आहे. चांगल्या झॉम्बी सिनेमात तो मेलेला माणूस आधी कोण होता आणि आता कुणाच्या कामाला जुंपलाय, हे दिसतं. रक्त किती सांडलं, झॉम्बी पळतो की फरफटत चालतो, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. त्यात मला फारसा रस नाही.

कसोटीला पहिला सिनेमा घेऊ ‘व्हाइट झॉम्बी’. साल १९३२, दिग्दर्शक व्हिक्टर हाल्परिन. पूर्ण लांबीचा पहिला झॉम्बी चित्रपट म्हणून सहसा याचंच नाव घेतात. गोष्ट घडते हैतीत, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाच्या पश्चिम भागात. एका गोऱ्या मळेवाल्याचं दुसऱ्याच्या नियोजित वधूवर मन जडतं. ती मिळावी म्हणून तो लजांद्र नावाच्या मांत्रिकाकडे जातो. लजांद्र झालाय बेला लुगोसी, आदल्याच वर्षी ‘ड्रॅक्युला’ म्हणून गाजलेला. खरं सांगायचं तर अभिनय जुनाट आहे आणि शेवट रडका. पण साखरेच्या कारखान्याचा एक प्रसंग आहे, त्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघतो.

डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसं रांगेनं येतात, चरकात ऊस ओततात आणि पुढं जातात. खाली काही जण जनावरासारखे गोल फिरत चरक ओढतायत. संगीत नाही, फक्त लाकडाची करकर. रांगेतला एक जण अडखळतो आणि टोपलीसकट चरकात पडतो. कुणी ओरडत नाही, कुणी थांबत नाही, चरकही थांबत नाही. मग लजांद्र मळेवाल्याला सुचवतो की असे मजूर तुमच्याही मळ्यावर उपयोगी पडतील, कामाच्या तासांची तक्रार कधी करत नाहीत.

भीतीच्या सिनेमात ही गोष्ट आली कुठून?

त्यासाठी मागं जावं लागतं. हैती तेव्हा सॅं-दोमिंग या नावाची फ्रेंच वसाहत होती आणि अठराव्या शतकात जगातली सर्वांत मोठी साखर उत्पादक होती. १७८९ च्या सुमारास तिथं जवळपास ५ लाख माणसं गुलामीत होती. मेल्यावर आत्मा समुद्रापलीकडे गिनीला, म्हणजे आफ्रिकेतल्या पूर्वजांकडे परत जातो, अशी त्यांच्यात श्रद्धा होती. मरण ही त्या मळ्यावरून सुटायची एक वाट होती. झॉम्बी म्हणजे ज्याची तीही वाट बंद झाली तो. मेला तरी उद्या सकाळी पाळीवर हजर.

इथं एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडच्या भुतांना काहीतरी हवं असतं. मुंजाची इच्छा राहिलेली असते, हडळीला सूड हवा असतो, वेताळाला तर गप्पाच मारायच्या असतात. झॉम्बीला काहीच नको असतं, कारण त्याची इच्छाच काढून घेतलेली असते. म्हणून हैतीतली मूळ भीती ‘झॉम्बी मला खाईल’ अशी नव्हती. ‘मला कुणीतरी झॉम्बी करेल’ अशी होती. (तिथल्या समजुतीत देहाविना कैद केलेला आत्मा असाही एक झॉम्बी आहे, पण सिनेमानं उचलला तो राबणारा देह.)

१७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला, नेपोलियनच्या फौजेलाही हरवलं आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सनं मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. बुडालेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून, आणि त्या मालमत्तेत माणसंही धरलेली होती! ते कर्ज पुढं पिढ्यान्‌पिढ्या फिटत राहिलं. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतलं ५ लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं आणि जुलै १९१५ मध्ये अमेरिकी फौज उतरली ती १९३४ पर्यंत राहिली.

आता आपल्या कामाचा मुद्दा. या फौजेला रस्ते हवे होते आणि मजुरीला पैसे घालायचे नव्हते. हैतीच्या जुन्या ग्रामीण कायद्यातलं एक कलम त्यांनी उकरून काढलं. फ्रेंचमध्ये त्याला ‘कोर्वे’ म्हणतात. याला मराठीत नवा शब्द शोधायची गरज नाही, आपल्याकडे नेमका शब्द आहे: वेठ. गावातून माणसं धरून न्यायची, दोरीनं बांधून, पहाऱ्यात, रस्त्याच्या कामाला. पळणाऱ्यावर गोळी चालल्याच्या तक्रारीही आहेत.

या वेठीविरुद्ध डोंगरातले शेतकरी उठले. त्यांचा नेता शार्लमाञ पेराल्त स्वतः सक्तमजुरीच्या शिक्षेतून १९१८ मध्ये निसटलेला होता. वर्षभरानं, १९१९ च्या ऑक्टोबरअखेर, चेहरा काळा रंगवलेल्या एका अमेरिकी अधिकाऱ्यानं त्याच्या तळात शिरून त्याला मारलं. मग त्याचं प्रेत दाराच्या फळीला बांधून उभं केलं, फोटो काढला आणि त्याच्या प्रती वाटल्या. तो मेला हे लोकांना पटावं म्हणून. लोकांना मात्र त्या फोटोत क्रूसावरचा ख्रिस्त दिसला. फिलोमे ओबँ या हैतीच्या चित्रकारानं पुढं त्याचं चित्र तसंच रंगवलं, आणि पेराल्तचा चेहरा हैतीच्या नाण्यावरही आला.

याच काळातल्या हैतीवर विल्यम सीब्रुक या अमेरिकी प्रवासी लेखकानं १९२९ मध्ये ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक लिहिलं. अमेरिकेत झॉम्बी घरोघरी पोचला तो मुख्यतः या पुस्तकामुळं. त्यातल्या एका प्रकरणात त्याला एक शेतकरी गोष्ट सांगतो. १९१८ मध्ये उसाचं पीक उदंड आलं होतं आणि हॅस्को कंपनीला मजूर हवे होते. हॅस्को म्हणजे हैतियन-अमेरिकन शुगर कंपनी. एक मुकादम काही शून्य नजरेची, फाटक्या कपड्यांतली माणसं घेऊन आला. कामावर नावं त्यांची, मजुरी मुकादमाच्या खिशात. (आपल्याकडं ऊसतोड टोळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी इथं कान टवकारावेत.) झॉम्बीला मीठ चालत नाही, म्हणून त्यांना अळणी जेवण असायचं. एका सणाच्या दिवशी मुकादमाच्या बायकोला त्यांची दया आली आणि तिनं खारे दाणे घातलेली गुळाची वडी, आपल्या चिक्कीसारखी, त्यांना खायला दिली. मीठ जिभेला लागताच आपण मेलेले आहोत हे त्यांना कळलं. ते उठले आणि डोंगरातल्या आपापल्या थडग्यांकडे चालू लागले.

आपल्याकडे मीठ खाल्लं की माणूस बांधला जातो, मिठाला जागतो. तिथं मीठ खाल्लं की सुटतो. या एका वाक्यावर कुणीतरी प्रबंध लिहावा असं मला फार दिवस वाटतंय.

पुन्हा ‘व्हाइट झॉम्बी’कडे या. सीब्रुकच्या पुस्तकात अमेरिकी सैनिक जागोजागी आहेत. एका सार्जंटवर तर अख्खं प्रकरण आहे. या पुस्तकानं लावलेल्या वेडावरच सिनेमा उभा राहिला, आणि तो बनला तेव्हा फौज हैतीतच होती. तरी सिनेमात एकही अमेरिकी सैनिक नाही. कारखाना आहे, पण तो अमेरिकी कंपनीचा नाही, एका गूढ मांत्रिकाचा आहे. राबवणारा बदलला गेला.

इथं जरा थांबा, कारण हा पुरावा निसरडा आहे. साधनात अमुक नाही म्हणून ते ‘दडवलं’ असं म्हणणं, म्हणजे मौनावरून अनुमान, हे व्हायव्हामध्ये पहिल्याच प्रश्नाला कोसळतं. मौनाला अर्थ केव्हा येतो? ती गोष्ट तिथं असणं अपेक्षित होतं, हे तुम्ही दुसऱ्या साधनावरून दाखवलं तर. इथं ते दुसरं साधन म्हणजे सीब्रुकचं पुस्तक. शिवाय १९२० मध्येच जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी हैतीत जाऊन चौकशी केली होती आणि ‘द नेशन’ साप्ताहिकात लेखमाला लिहिली होती. म्हणजे अमेरिकी वाचकाला माहिती मिळत होती. कुणी म्हणेल, थोड्या पैशांत, दुसऱ्यांचे जुने सेट वापरून घाईघाईत उरकलेल्या सिनेमाकडून एवढी अपेक्षा कशाला? बरोबर. म्हणून मी ‘कट’ हा शब्द वापरत नाही. मी एवढंच म्हणतो की राबणारे मुडदे पडद्यावर चालले, त्यांना राबवणारा ओळखीचा चाललाच नसता. आणि घाबरायचं कुणासाठी तेही शीर्षकातच ठरलंय. चरकात पडणारा काळा मजूर हा देखावा आहे, सिनेमाला काळजी आहे ती गोऱ्या मुलीची.

यापेक्षा खूप सरस सिनेमा म्हणजे जॅक तूर्नरचा ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’ (१९४३). एक परिचारिका कॅरिबियनमधल्या एका काल्पनिक बेटावर येते. घोडागाडीवाला तिला सांगतो की आमच्या पूर्वजांना साखळदंडात इथं आणलं. ती म्हणते, पण आणलं तर सुंदर जागी. तो विनयानं, तुम्ही म्हणता तसं, एवढंच बोलतो. त्या बेटावर मूल जन्मलं की लोक रडतात आणि माणूस मेला की आनंद करतात. फौज इथंही नाही, पण गुलामीचा इतिहास झाकलेला नाही. माझ्या यादीत हा पहिला.

आता १९६८, जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. इथं झॉम्बी मळ्यातून बाहेर पडतो आणि माणसं खायला लागतो. गंमत म्हणजे सिनेमात ‘झॉम्बी’ हा शब्दच नाही. नायक बेन कृष्णवर्णीय आहे, भूमिका ड्वेन जोन्सची. रात्रभर तो मुडद्यांशी लढतो, एकटा वाचतो आणि सकाळी बंदूकवाल्या गोऱ्यांच्या टोळीची गोळी त्याला लागते. त्यांना तोही मुडदाच वाटतो. मग आकड्यांनी ओढल्या जाणाऱ्या त्याच्या देहाची भरड, स्थिर छायाचित्रं येतात. जमावानं मारलेल्या माणसांचे जुने अमेरिकी फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. मला तर पेराल्तचा फोटोही आठवतो, पण हा माझा मनचा दुवा आहे, पुरावा नाही.

या सिनेमावरच्या निबंधांत एक वाक्य वारंवार भेटतं: मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येवरची ही प्रतिक्रिया आहे. नाही. चित्रीकरण १९६७ मधलं, हत्या ४ एप्रिल १९६८ ची. रोमेरो सांगायचा की तयार सिनेमा गाडीत घालून ते न्यूयॉर्कला निघाले होते, तेव्हा रेडिओवर बातमी आली. जोन्सला घेतलं तेही त्याची चाचणी सर्वांत चांगली झाली म्हणून. मग वर्णद्वेषाचा अर्थ खोटा का? तोही नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये थिएटरात बसलेल्या प्रेक्षकानं तो शेवट किंगच्या हत्येनंतरच पाहिला. लिहिलं कधी, चित्रित केलं कधी आणि पाहिलं कधी, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची साधनंही वेगळी. प्रपोजलमध्ये हे तीन वेगळे ठेवलेत तर मार्गदर्शक तुमच्यावर खूश होतील.

हा सिनेमा एवढा पसरला त्यामागं एक कारकुनी चूकही आहे. वितरकानं शीर्षक बदललं, तेव्हा जुन्या पाटीबरोबर हक्काची सूचनाही गेली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार सूचना नाही तर कॉपीराइट नाही. मग कुणीही दाखवावा, कुणीही विकावा. रोमेरोच्या पदरात पैसे फार पडले नाहीत, झॉम्बी मात्र सगळ्यांचा झाला. कोणतं साधन टिकतं आणि का, हे बघताना असल्या चुकाही मोजायच्या.

नंतरचे भराभर सांगतो. ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) मध्ये मुडदे मॉलमध्ये घुटमळतात. राबणारा आता गिऱ्हाईक झाला, उत्तम कल्पना. ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) डब्याचं दार कुणासाठी उघडायचं या एका प्रश्नावर धावतो. बेर्त्रां बोनेलोचा ‘झॉम्बी चाइल्ड’ (२०१९) पुन्हा हैतीच्या उसात जातो, तो चुकवू नका. ‘गो गोवा गॉन’ (२०१३) मध्ये हसलो भरपूर, पण त्यात गोवा म्हणजे नुसती पार्टीची जागा.

आणि आपला ‘झोंबिवली’ (२०२२). आदित्य सरपोतदारांच्या या सिनेमात एकीकडे डोंबिवलीतला नवा टॉवर आहे, शेजारी वस्ती आहे आणि मधे पाण्याचा प्रश्न. विनोद मला काही ठिकाणी पसरट वाटला, पण कसोटीला तो उतरतो: झॉम्बी आधी कोण होते हे इथं कळतं. कुणाला मराठी सिनेमावर काम करायचं असेल तर हा चांगला विषय आहे. फक्त ‘कोविडच्या भीतीतून जन्मलेला चित्रपट’ असं पहिलं वाक्य लिहिण्याआधी कथा कधी सुचली, चित्रीकरण कधी झालं आणि थिएटरं कधी उघडली या तारखा एका कागदावर लावून घ्या. त्याच कागदावर डोंबिवलीत टँकर कधीपासून येतात तेही लिहा.