विवर्धकाचा लाभांक आणि ध्वनिक्षेपकाचा भार

२ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडताना हॅरॉल्ड ब्लॅक यांनी हातातील वृत्तपत्रावरच ऋण प्रतिसंभरणाची आकृती काढली. लाभांकाचा मोठा हिस्सा मुद्दाम खर्ची घालावा, म्हणजे उरलेला स्थिर राहतो, ही ती कल्पना. योजना दूरध्वनीसाठी होती. ध्वनिक्षेपकाचा बदलता संरोध तिच्या डोळ्यांपुढे नव्हता.

१९४७ मध्ये विल्यमसन यांनी सुमारे २० डेसिबेल प्रतिसंभरण निर्गम रोहित्रासह योजिले. येथे भाराचा प्रश्न उभा राहतो. रोहित्राची जोडणी बदलली की दुय्यम व्होल्टता संरोधाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून त्यांनी प्रतिसंभरणाचा रोधही त्याच वर्गमुळाच्या १,२०० पट ठरविला. चार ओहमच्या भारास २,४०० ओहम, सोळास ४,८००. पुष्कळ हौशी मंडळी मात्र रोहित्राची जोडणी बदलीत आणि रोध तसाच ठेवीत असावीत, असा आमचा तर्क आहे. तसे करता सारे गणित बिघडते.