हिप-हॉप संस्कृती आणि ब्रेकिंग नृत्य : उगम, विकास व पुनरुज्जीवन

प्रस्तावना :

हिप-हॉप म्हणजे रॅप संगीत, असा समज सर्वसाधारणपणे रूढ आहे. वस्तुतः डीजेची कला, रॅप, ब्रेकिंग हे नृत्य आणि ग्राफिटी ही भित्तिकला अशी या संस्कृतीची चार प्रमुख अंगे मानली जातात. यांपैकी ब्रेकिंगचा, म्हणजेच ब्रेकडान्सचा, इतिहास विशेष लक्षणीय ठरतो. बाजारपेठेने या नृत्याला अल्पकाळ डोक्यावर घेतले आणि तितक्याच लवकर दूर सारले. तरीही ते टिकून राहिले. ते कशाच्या आधारे टिकले, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

सामाजिक पार्श्वभूमी :

न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स विभागातून जाणारा क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे १९४८ ते १९७२ या काळात बांधला गेला. रॉबर्ट मोझेस यांच्या या योजनेने हजारो कुटुंबे विस्थापित झाली. कारखाने बंद पडले, मध्यमवर्ग उपनगरांकडे सरकला, अनेक घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या आणि आगींचे सत्र सुरू झाले. १९७० मध्ये सुमारे १४ लाख ७२ हजार असलेली ब्रॉन्क्सची लोकसंख्या १९८० मध्ये सुमारे ११ लाख ६९ हजारांवर आली. याच काळात तरुणांच्या टोळ्यांमधील संघर्ष तीव्र झाला. डिसेंबर १९७१ मध्ये 'घेटो ब्रदर्स' टोळीचा एक सदस्य समेट घडविण्यासाठी गेला असता मारला गेला. मात्र टोळीने सूड न घेता ८ डिसेंबर रोजी झालेल्या तहाच्या बैठकीत पुढाकार घेतला. त्यामुळे एका वस्तीतील तरुणांना दुसऱ्या वस्तीत जाणे तुलनेने सुकर झाले. केवळ दारिद्र्यातून हिप-हॉप जन्मले, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. एकत्र जमण्याची शक्यता निर्माण होणे, ही त्याची तितकीच महत्त्वाची पूर्वअट होती.

उगम :

११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून नृत्यमेळावा भरविला. तेथे संगीत वाजविणारा तिचा भाऊ क्लाइव्ह, ऊर्फ डीजे कूल हर्क, हा मूळचा जमैकातील किंग्स्टनचा. गाण्यातील गायन थांबून केवळ तालवाद्ये वाजू लागली की नर्तकांना विशेष उत्साह चढतो, असे त्याचे निरीक्षण होते. या काही सेकंदांच्या तुकड्याला 'ब्रेक' म्हणत. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर आलटूनपालटून वाजवून त्याने हा तुकडा लांबविला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने या तंत्राला अचूकता दिली. ब्रेकवर नाचणारे ते 'बी-बॉय' व 'बी-गर्ल' होत. म्हणजे नर्तकांच्या आवडीने संगीताचे रूप बदलले आणि त्या संगीताने नृत्य घडविले.

उभ्याने केलेले पदन्यास, हात जमिनीवर टेकून केलेल्या पायांच्या हालचाली, गिरक्या आणि अखेरीस एका मुद्रेत स्थिर होणे, हे या नृत्याचे प्रमुख घटक. जेम्स ब्राउन यांचे नृत्य आणि कुंग-फू चित्रपट यांचा त्यावर प्रभाव पडला. नर्तकांचे वर्तुळ, ज्याला 'सायफर' म्हणतात, हीच त्याची पाठशाळा. तेथे जाणकार हेच प्रेक्षक असत आणि आव्हान-प्रतिआव्हानातून गुणवत्ता ठरत असे. आरंभी हे नृत्य प्रामुख्याने कृष्णवर्णीय तरुणांचे होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोर्तो रिकन तरुणांनी ते पुढे नेले. १९७७ मध्ये स्थापन झालेला 'रॉक स्टेडी क्रू' हे त्याचे ठळक उदाहरण होय.

बाजारपेठेचा प्रवेश :

१९७९ मध्ये शुगरहिल गँगची 'रॅपर्स डिलाइट' ही ध्वनिमुद्रिका गाजली. रॅप तबकडीवर विकता येत होते. वर्तुळात घडणारे नृत्य मात्र तसे विकणे शक्य नव्हते. चित्रपटांनी ती उणीव भरून काढली. 'फ्लॅशडान्स' (१९८३) व 'बीट स्ट्रीट' (१९८४) यांनी हे नृत्य जगभर पोहोचविले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या समारोपातही ते सादर झाले. तथापि, प्रसारमाध्यमांनी कॅलिफोर्नियातील 'लॉकिंग' व 'पॉपिंग' या स्वतंत्र शैलीही 'ब्रेकडान्स' या एकाच नावाखाली घातल्या. दशकाच्या उत्तरार्धात ही लाट ओसरली.

पुनरुज्जीवन :

लाट ओसरल्यानंतरही निरनिराळ्या देशांतील नर्तकगटांनी आपापली वर्तुळे जिवंत ठेवली. १९९० मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर येथे 'बॅटल ऑफ द इयर' ही स्पर्धा सुरू झाली. २००२ मध्ये दक्षिण कोरियाच्या 'एक्स्प्रेशन' या संघाने ती जिंकली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगचा समावेश झाला. तेथे जपानच्या आमी आणि कॅनडाच्या फिल विझार्ड यांनी सुवर्णपदके मिळविली. जन्मभूमी अमेरिकेच्या वाट्याला व्हिक्टर मोंताल्वोचे एकमेव कांस्यपदक आले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या कार्यक्रमात मात्र ब्रेकिंगला स्थान देण्यात आलेले नाही.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, बाजारपेठ आणि क्रीडासंस्था यांनी ब्रेकिंगला प्रसिद्धी दिली. परंतु सातत्य दिले ते सायफरच्या परंपरेने. ज्या कलेचे शिक्षण, परीक्षण आणि आस्वाद एकाच वर्तुळात घडतो, ती राजाश्रय वा लोकप्रियता ओसरली तरी नष्ट होत नाही. ते वर्तुळ मोडले, तर मात्र पदके तिला वाचवू शकत नाहीत. म्हणून लोकप्रिय कलांचा इतिहास लिहिताना चित्रपट, ध्वनिमुद्रिका आणि पदके यांच्या नोंदींबरोबरच अशा अनौपचारिक वर्तुळांचाही मागोवा घेणे अगत्याचे आहे.