दिनविशेष : २ जुलै १९६३ – ‘एक्स-मेन’चा पहिला अंक

अमेरिकेत ‘द एक्स-मेन’ या सुपरहिरो कॉमिकचा पहिला अंक १९६३ मध्ये आजच्या दिवशी विक्रीला आला. किंमत बारा सेंट. मुखपृष्ठावर महिना मात्र सप्टेंबर. पुढची तारीख टाकायची तिथे रीतच होती. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी प्रोफेसर एक्सच्या निवासी शाळेतली पाच पोरं उभी केली : सायक्लॉप्स, बीस्ट, एंजल, आइसमन आणि मार्व्हल गर्ल. यांच्या अचाट शक्ती जन्मजात. लीला ते सोयीचंच होतं, प्रत्येकाला शक्ती मिळावी म्हणून नवा अपघात रचायला नको! पण जन्मजात वेगळेपण म्हणजे लोकांचा संशयही आला, आणि मालिकेचं खरं बळ त्यातच आहे. तरीही खप रोडावला. १९७० च्या अखेरीपासून १९७५ पर्यंत जुन्याच कथा पुन्हा छापल्या गेल्या. मग देशोदेशींच्या नायकांचा नवा चमू आला आणि मालिकेचं नशीब फळफळलं. मूळ अंक तोवर संग्राहकांच्या कपाटात गेले होते. १९८७ मध्ये प्रकाशक मार्व्हलच्या ‘मार्व्हल मास्टरवर्क्स’ मालेने पहिले दहा अंक पुठ्ठाबांधणीच्या एका खंडात आणले. सलग वाचताना आइसमनची थट्टामस्करी कंटाळा आणते, कर्बीच्या हाणामाऱ्या मात्र अजूनही तडफदार वाटतात.