झाडाला झाड, अधिवासाला काय?

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून मुंबई–गोवा महामार्ग दक्षिणेकडे निघतो आणि थोड्याच वेळात कर्नाळ्याच्या जंगलात शिरतो. १९६८ साली जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरांवर जाहीर झालेले हे पक्षी अभयारण्य २००३ साली बारा चौरस किलोमीटरांवर नेण्यात आले. महामार्ग त्याला मधोमध छेदून जातो. या महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या टप्प्याचे चौपदरीकरण हाती घेतले गेले, तेव्हा रुंदीसाठी लागणारी जागा इथे तरी अभयारण्याच्या पोटातूनच काढावी लागणार हे उघड होते. रस्ता करताना वन्यजीवांचा जो आसरा जातो, त्याची भरपाई दुसरीकडचा अधिवास राखून करता येते का, हा या ग्रंथाचा विषय आहे. स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी, वनरक्षक, ग्रामसभेत जमिनीचा ठराव वाचणारे सदस्य, अशा सगळ्यांनी या अभ्यासात यावे, म्हणूनच तो मराठीत लिहिला आहे.

आधी एक क्रम समजून घ्यावा लागतो. संवेदनशील जागा शक्यतो टाळायची. टाळता आली नाही तर नुकसान कमी करायचे. बिघडलेली जमीन पूर्ववत करायची. आणि एवढे करूनही जे उरेल त्याचीच भरपाई करायची. भरपाईचा क्रमांक शेवटचा. व्यवहारात मात्र पुष्कळदा तीच पहिल्या बैठकीत पुढे येते, कारण ती पैशांत मोजता येते आणि रस्त्याची आखणी जशीच्या तशी राहते. या अभ्यासातली माझ्या मते सर्वांत मोठी गफलत हीच.

नुकसान कमी करणे म्हणजे काय, हे पाहायला लांब जायला नको. नागपूर–शिवनी रस्त्यावर, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागात, राष्ट्रीय महामार्ग ४४ उचलून घेतला आहे आणि त्याखालून प्राण्यांना जाण्यासाठी नऊ ठिकाणी वाटा ठेवल्या आहेत. काही ५० मीटर रुंद, तर सर्वांत मोठ्या ७५० मीटर. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ यांची ये-जा टिपली गेली. जंगल सलग राहावे म्हणून न्यायालयापर्यंत झालेल्या भांडणाचे हे फळ आहे.

भरपाईची कल्पना पद्धतशीर रूपात अमेरिकेत वाढली. तिथल्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात १९८२ साली दुरुस्ती झाली आणि अधिवास राखण्याची योजना सादर करणाऱ्याला मर्यादित हानीची परवानगी मिळू लागली. पुढे, १९९५ पासून, कॅलिफोर्नियात जमीनमालक एखाद्या प्रजातीसाठी जमीन कायमची राखून ठेवू लागले आणि तिचे ‘श्रेयांक’ रस्ते बांधणाऱ्यांना विकू लागले. या पद्धतीवर आक्षेप खूप आहेत, त्यांचा विचार पुढे येईलच. पण तिच्यात एक गोष्ट पक्की आहे: हिशेब प्रजातीपासून सुरू होतो.

आपल्याकडे तो झाडांपासून सुरू होतो. १९८० च्या वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियमाखाली वनजमीन वळती केली की तेवढ्याच वनेतर जमिनीवर, किंवा ठरावीक प्रकरणांत दुप्पट अवनत वनजमिनीवर, प्रतिपूरक वनीकरण करायचे, शिवाय जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरायचे. हा पैसा कसा वापरावा यासाठी २०१६ साली स्वतंत्र कायदा झाला, आणि २०१९ साली केंद्राने सत्तेचाळीस हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांकडे सोपवले. पैशाची वाण नाही.

आता कर्नाळ्याचा तिबोटी खंड्या घ्या. हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीत नाही, पण अधिवास म्हणजे काय हे त्याच्याइतके स्वच्छ कोणी शिकवत नाही. पावसाच्या तोंडावर तो कोकणात येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत चोचीने बोगदा खोदून घरटे करतो, आणि पिलांना बेडूक, कोळी, पाली, लहान खेकडे आणून भरवतो. त्याला हवी असते ओली सावली, वाहता ओढा आणि ढासळणार नाही अशी उभी दरड. दुसऱ्या जिल्ह्यातल्या माळावर एका रांगेत लावलेली रोपे, ती सगळी जगली तरी, त्याच्या उपयोगाची नाहीत. मुंबई–गोवा महामार्गाच्याच पश्चिमेला, म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या परिसरात, पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच, जुन्या झाडांवर घरटी बांधतात. ही प्रजाती अतिसंकटग्रस्त आहे. गिधाडांना मारक ठरलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६ साली बंदी आली खरी, पण घरट्याच्या झाडाला जी उंची यावी लागते तिला काही दशके लागतात. आज तोडलेल्या झाडाची भरपाई आज लावलेले रोप कसे करणार? या मधल्या काळाचा हिशेब कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

खाडीवर तर उलटेच घडू शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक प्रकल्पालाही तिवरे तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि भरपाई म्हणून नवी तिवरे लावली जातात. ती जर उघड्या चिखलपट्टीवर लावली, तर छोटा रोहित आणि पाणथळीचे इतर पक्षी जिथे चरतात तीच जागा जाते. एकाची भरपाई दुसऱ्याच्या ताटातून होते.

माणसांच्या बाबतीतही असेच आहे. कागदावर ‘अवनत’ ठरलेली जमीन बहुधा कुणाचे तरी गायरान असते, कुणाची सरपणाची, रानभाज्यांची जागा असते. कर्नाळ्याच्या आसपासच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांना कोणत्या ओढ्यावर कोणता पक्षी केव्हा येतो हे ठाऊक आहे. जागा निवडताना त्यांना विचारले जायला हवे, आणि ते कुंपण घातल्यानंतर नव्हे, आधी.

वाचकांना एक विनंती. विरार–अलिबाग बहुउद्देशीय वाहतूक मार्गिका पनवेल तालुक्यातून आखलेली आहे. तिच्या वाटेतल्या ओढ्यांची, दरडींची, जुन्या झाडांची आणि त्यांवरच्या घरट्यांची नोंद माती हलण्याआधी व्हायला हवी. पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा, निदान सलग दोन वर्षे. ती कशी करायची, हे पहिल्या प्रकरणात तपशिलाने दिले आहे.