टकरा आणि टाळ्या

सण आणि खेळ यांची सांगड प्रत्येक समाजात कोठे ना कोठे पडलेली असतेच. आपल्याकडे गावच्या जत्रेत पालखी निघाली की पाठोपाठ कुस्त्यांचा फड लागतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' नावाचा सण असतो. त्या दिवशी लांबलांबची मुले घरी येतात, टर्की पक्ष्याचे जेवण होते आणि मग आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर फुटबॉलचा सामना पाहायला बसते. डेट्रॉइटचा व्यावसायिक संघ १९३४ पासून, मधली युद्धाची काही वर्षे सोडली तर, दरवर्षी या दिवशी खेळत आला आहे. आपल्याकडे दिवाळीच्या फराळात चकली नसावी, तसा त्यांना फुटबॉलवाचूनचा हा सण वाटेल.

हे सारे वाचताना माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. पोटभर जेवून, मुलाबाळांना जवळ घेऊन बसलेली ही सज्जन माणसे जे पाहतात, त्यात माणसांची हाडे मोडतात, माना दुखावतात, मेंदू खिळखिळे होतात. मग ही माणसे क्रूर आहेत काय? मला तसे वाटत नाही. या खेळाचा दीडशे वर्षांचा इतिहास चाळल्यावर मी निराळ्याच निष्कर्षाला आलो आहे. तोच वाचकांपुढे ठेवायचा आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. 'फुटबॉल' या नावाने आपली फसगत होण्याचा संभव आहे, कारण यात पायाचे काम थोडे आणि खांद्याचे फार. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. एका बाजूस ११ गडी. चेंडू हातात धरून पळायचे किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. प्रतिपक्षाने चेंडूवाल्याला आडवा पाडायचे. हुतूतू खेळलेल्या माणसाला यातले मर्म लगेच कळेल. फरक इतकाच की हुतूतूत एकजण चढाईला जातो, येथे प्रत्येक चालीला बावीस माणसे एकमेकांवर तुटून पडतात, आणि त्यांतली पुष्कळशी शंभर किलोंच्या पुढची असतात.

१८६९ साली रट्गर्स आणि प्रिन्स्टन या दोन विद्यालयांच्या विद्यार्थ्यांमध्ये पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. पुढे येलच्या वॉल्टर कँप याने नियम बांधले आणि खेळाला लष्करी शिस्त आली. १८९२ च्या नोव्हेंबरमध्ये दोन गोष्टी एका आठवड्याच्या अंतराने घडल्या. पिट्सबर्गच्या एका क्लबाने येलचा माजी खेळाडू हेफेलफिंगर याला एका सामन्यासाठी ५०० डॉलर्स मोजले. व्यावसायिक फुटबॉलचा जन्म या व्यवहारापासून धरतात. त्याच महिन्यात हार्वर्डने येलविरुद्ध 'उडती पाचर' नावाचा व्यूह रचला. त्याची कल्पना लोरिन डीलँड या बोस्टनच्या गृहस्थाची. स्वारी बुद्धिबळाची शौकीन, फुटबॉल मात्र स्वतः कधी खेळलेली नाही! दोन तुकड्यांनी दोन बाजूंनी धावत यायचे, चेंडूवाल्याच्या पुढे पाचरीसारखे एकत्र व्हायचे आणि त्या साऱ्या वेगानिशी समोरच्या एका गड्यावर आदळायचे. प्रेक्षक बेहद्द खूष झाले. दोनच वर्षांत त्या व्यूहावर बंदी घालावी लागली, पण गर्दीत घुसून रेटारेटी करण्याची रीत काही गेली नाही.

१९०५ च्या हंगामात या रेटारेटीने कहर केला. त्या एका वर्षात १८-१९ तरुण मैदानावरील दुखापतींनी दगावल्याची मोजदाद वृत्तपत्रांनी छापली. त्यांतले बहुतेक शाळकरी मुलगे आणि लहानसहान संघांतले खेळाडू होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे मर्दानी खेळांचे कट्टर पुरस्कर्ते. तरीही त्यांनी ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे नाक हार्वर्डच्या नवागत विद्यार्थ्यांच्या सामन्यात मोडले! हार्वर्डचे अध्यक्ष एलियट हे तर या खेळाचे उघड विरोधकच होते. कोलंबिया विद्यापीठाने खेळ बंद केला, तर पश्चिमेकडील स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया यांनी त्याऐवजी रग्बी स्वीकारला. नोव्हेंबरात न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा एक खेळाडू मरण पावला, तेव्हा त्या विद्यापीठाचे प्रमुख मॅक्रॅकन यांनी महाविद्यालयांची परिषद बोलावली. त्या खटपटीतून जी संस्था निघाली तीच आजची 'एनसीएए'.

१९०६ साली नवे नियम झाले. चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि दोन्ही संघांच्या रांगांमध्ये मोकळी जागा सोडण्यात आली. १९०९ मध्ये मृत्यू पुन्हा वाढले, म्हणून १९१० मध्ये चेंडूवाल्याला ढकलत-ओढत नेण्यास मनाई झाली. जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली. खेळातले पाणी गेले, आता तो बायकी झाला, असा ओरडा झाला. परंतु झाले उलटेच. गड्यांचा ढीग मोकळा झाला आणि चेंडू हवेतून झेपावू लागला. ज्या फेकीसाठी आज लक्षावधी लोक श्वास रोखून बसतात, ती प्राण वाचवण्याच्या खटपटीत पुढे आली. सुरक्षिततेने खेळ मारला नाही, त्याला रूप दिले. पुढे जेव्हा जेव्हा नियम बदलण्याची भाषा झाली तेव्हा तेव्हा जुनाच ओरडा झाला. १९०६ चा हा धडा मात्र फारसा कोणी आठवला नाही.

आता शिरस्त्राणाची गोष्ट पाहा. पूर्वीचे खेळाडू डोक्याला संरक्षण म्हणून केस वाढवीत. मग चामड्याच्या टोप्या आल्या आणि १९३९ च्या सुमारास प्लास्टिकचे टणक हेल्मेट आले. 'नॅशनल फुटबॉल लीग' ही व्यावसायिक संघांची संघटना १९२० मध्ये ओहायोतील कँटन गावी, मोटारविक्रीच्या एका दुकानात जन्मली होती. तिने १९४३ मध्ये हेल्मेट सक्तीचे केले. कवटी फुटण्याचे भय कमी झाले, पण त्याबरोबर डोके पुढे घालण्याचे भयही गेले. डोके झाकले, तसे ते हत्यार झाले. शिक्षकच मुलांना शिकवू लागले की आधी डोके घाला. १९६८ साली शाळांपासून व्यावसायिकांपर्यंत सर्व मिळून ३६ खेळाडू मैदानावरील आघातांनी मेले, आणि त्यांतल्या बहुतेकांना डोक्याची किंवा मानेची इजा झाली होती. १९७६ मध्ये शाळा-महाविद्यालयांच्या खेळात डोक्याने धडक देण्यास बंदी आली आणि १९९० साली असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. ढालीने जे साधले नाही ते एका ओळीच्या नियमाने साधले.

इकडे दूरचित्रवाणीने खेळ घरोघर नेला. १९५८ च्या डिसेंबरात बाल्टिमोरने न्यूयॉर्कला जादा वेळेत हरवले, तो सामना चार कोटींहून अधिक लोकांनी पाहिला असे सांगतात. १९६० मध्ये एका वाहिनीने न्यूयॉर्कच्या सॅम हफ या खेळाडूच्या अंगावर ध्वनिग्राहक बांधला आणि त्याच्या हिंसक जगावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम दाखवला. आदळल्याचा आवाज प्रथमच दिवाणखान्यात ऐकू आला. तो आवाज लोकांना आवडला, हे चाणाक्ष मंडळींच्या ध्यानात आले. १९७० मध्ये सोमवार रात्रीचे सामने सुरू झाले आणि पुढे दोन हेल्मेटांची टक्कर ही त्या कार्यक्रमाची निशाणीच होऊन बसली. मिठाईच्या पेटीवर लक्ष्मीचे चित्र असावे, तशी येथे पेटीवर टक्कर!

प्रेक्षक टकरीला टाळी देई, हे खरे. पण माणूस उठला नाही की तोच प्रेक्षक गप्प होई, हेही तितकेच खरे. १९७८ च्या ऑगस्टमध्ये ओकलंडच्या जॅक टेटमने न्यू इंग्लंडच्या डॅरिल स्टिंगली याला धडक दिली. सामना सरावाचा होता, आणि त्या वेळच्या नियमांप्रमाणे धडकेत काही वावगे नव्हते. २६ वर्षांचा स्टिंगली मानेखाली कायमचा लुळा झाला आणि २००७ मध्ये वारला. चेंडू झेलण्याच्या नादात असलेल्या, स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या खेळाडूला मारू नये, हा नियम पुढे जसजसा कडक होत गेला, तसतसे स्टिंगलीचे नाव पुन्हा पुन्हा निघाले.

मी आरंभी ज्या निष्कर्षाचा उल्लेख केला तो हा : ज्या जखमा प्रेक्षकांना दिसल्या, त्यांच्यावर उशिरा का होईना इलाज झाला. ज्या दिसल्या नाहीत, त्या कोणाच्याच खाती पडल्या नाहीत. याचे सर्वांत करुण उदाहरण माइक वेब्स्टर.

वेब्स्टर हा पिट्सबर्ग संघाचा 'सेंटर'. दोन पायांमधून चेंडू मागे देऊन चालीला आरंभ करणे आणि त्याच क्षणी समोरच्या गड्याशी भिडणे, हे त्याचे काम. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण डोळे चेंडूमागे जातात. असे तो १९७४ पासून १७ हंगाम खेळला, चार वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघात राहिला, आणि १९९७ मध्ये खेळाच्या मानाच्या दालनात त्याची मूर्ती बसली. पण तोवर त्याची स्मृती ढासळली होती, संसार मोडला होता, कित्येक रात्री तो आपल्या गाडीतच झोपून काढी. २००२ च्या सप्टेंबरात तो वयाच्या ५० व्या वर्षी वारला.

शवविच्छेदन केले बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या तरुण डॉक्टराने. मेंदू बाहेर काढला, तो वरून अगदी निरोगी दिसत होता. फाइल तेथेच मिटली असती. ओमालूंनी मात्र त्या मेंदूचे पातळ काप करवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांत 'टाऊ' नावाच्या प्रथिनाच्या गाठी आढळल्या. मुष्टियोद्ध्यांच्या भ्रमिष्टपणाचे वर्णन हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच केले होते. तोच विकार आता फुटबॉलपटूत सापडला. ओमालू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. लीगने १९९४ मध्ये डोक्याच्या दुखापतींसाठी एक समिती नेमली होती. तिच्या डॉक्टरांनी हा लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. तो मागे घेतला गेला नाही.

२०११ मध्ये शिकागोचा माजी खेळाडू डेव्ह ड्युअरसन याने छातीत गोळी झाडून घेतली. आपला मेंदू संशोधकांना द्यावा, असे त्याने लिहून ठेवले होते. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी लीगच्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यांपैकी ११० मध्ये हा विकार निघाला. आता न्यायाने हेही सांगितले पाहिजे की ज्या घरांना शंका होती त्यांनीच बहुधा मेंदू दिले, म्हणून हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. पण या संशोधनातून जे समजत गेले ते महत्त्वाचे आहे. दोष केवळ माणसाला बेशुद्ध पाडणाऱ्या मोठ्या टकरीचा नाही. रोजच्या, शेकडो, बारीकसारीक टकरी साचत जातात. त्यांना कोणी टाळी वाजवलेली नसते आणि त्यांच्यासाठी कोणी हळहळलेलेही नसते.

हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले. २०१३ मध्ये तडजोड झाली, २०१५ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली, आणि पुढे एक अब्ज डॉलर्सहून अधिक रक्कम वाटली गेली. त्यातही एक दुष्ट हिशेब निघाला. कृष्णवर्णीय खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी होती असे धरून त्यांची हानी मोजली जात होती. दोन खेळाडूंनी २०२० मध्ये दावा लावल्यावर २०२१ मध्ये ती रीत सोडण्याचे कबूल झाले.

२ जानेवारी २०२३ च्या रात्री सिनसिनाटीच्या मैदानावर डमार हॅमलिन हा २४ वर्षांचा खेळाडू छातीवर आघात होऊन उठला आणि लगेच कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. उपचारकांनी मैदानावरच छाती दाबून ते सुरू केले. साथीदार गुडघे टेकून रडत होते. सामना तेथेच थांबला तो पुन्हा झालाच नाही. लहान मुलांना खेळणी देण्यासाठी हॅमलिनने पूर्वी एक निधी काढला होता, त्यात लोकांनी ऐंशी लाख डॉलर्सहून अधिक टाकले. तो बरा झाला आणि त्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरला. हे लोक क्रूर नाहीत, असे मी म्हणतो ते यासाठी. डोळ्यांसमोर एक माणूस पडला तर सारे राष्ट्र उठून उभे राहते.

पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, लीगने सामन्याच्या आरंभी चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्याचा नियम बदलला, कारण तेथे दोन्ही संघ लांबून धावत येऊन आदळत. डोक्यावर मऊ आवरण घालूनही सामन्यात खेळण्यास मुभा दिली. आणि लोक पाठ फिरवून गेले काय? त्या वर्षीचा अंतिम सामना अमेरिकेत बारा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. १९०६ चा धडा पुन्हा गिरवला गेला.

तेव्हा प्रेक्षकांना टकरा आवडतात म्हणून टकरा हव्यातच, हे मालकांचे म्हणणे इतिहासाला धरून नाही. प्रेक्षकांना चुरस हवी असते, धाडस हवे असते, आपल्या गावाचा संघ जिंकायला हवा असतो. त्यासाठी किती रक्त लागते याचा हिशेब त्यांना कोणी दाखवलेला नसतो. तो मागण्याचा अधिकार मात्र त्यांचाच आहे, कारण तिकिटाचे पैसे त्यांचे. कुस्तीचा फड असो, क्रिकेटचे मैदान असो की कबड्डीचे, ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे. चेंडूमागे धावणारी नजर मधून मधून काढून, ज्याच्याकडे कोणी पाहत नाही त्या गड्याकडे वळवावी. वेब्स्टरकडे तशी एखादी नजर वेळेवर वळली असती, तर त्याच्या कित्येक रात्री गाडीत गेल्या नसत्या.