कॅनडाच्या फौजेंतील तीन शिपाई

राजाचें अगर सेनापतीचें चरित्र लिहिणारास साधनांची वाण सहसा पडत नाहीं. ती पडते शिपायाचें चरित्र लिहूं जाणारास. पानिपतावर पडलेल्या हजारों माणसांपैकीं सरदार-मानकऱ्यांचीं नांवें आपण जाणतों. बाकीचे केवळ संख्येंत जमा झाले. या दृष्टीनें १९१४-१८ च्या महायुद्धांतील कॅनडाच्या फौजेचें दप्तर इतिहासाभ्यासकानें मुद्दाम पाहण्यासारखें आहे. सुमारें ६ लक्ष २० हजार माणसें या फौजेंत दाखल झालीं. त्यांपैकीं ६० हजारांहून अधिक प्राणांस मुकलीं. प्रत्येकाचे कागद स्वतंत्र बांधून ठेविलेले असून २०१८ सालापर्यंत त्या सर्वांच्या प्रतिमा सरकारी दप्तरखान्यानें सर्वांस खुल्या केल्या. भरतीच्या कागदावर जन्मस्थान, जवळचा नातलग, धंदा, धर्म, उंची, वर्ण व अंगावरील खुणा इतक्या बाबी नोंदलेल्या असतात. अर्थात् कागद बोलतो तो त्यास प्रश्न विचारणारा भेटला म्हणजेच.

याचें उत्तम उदाहरण बक्कम सिंग याचें होय. २००७ सालीं इंग्लंडांत जुन्या पदकांच्या एका व्यापाऱ्याकडे महायुद्धाचें एक विजयपदक विकावयास होतें. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण पदकाच्या कडेवर कोरण्याची वहिवाट असे. तदनुसार या पदकावर कॅनडाच्या २० व्या पलटणींतील एका सिंगाचें नांव निघालें. कॅनडाच्या गोऱ्या पलटणींत शीख कसा, ही शंका एका संग्राहकास आली, आणि त्या क्रमांकाचा माग काढीत तो भरतीच्या कागदापर्यंत व तेथून थडग्यापर्यंत पोंचला. ताम्रपटावरील एका अक्षरावरून वंशावळ उकलावी, त्यांतलाच हा प्रकार.

बक्कम सिंग याचा जन्म १८९३ सालीं पंजाबांत, होशियारपूर जिल्ह्यांतील माहिलपूर येथें झाला. १९०७ च्या सुमारास, म्हणजे अवघ्या तेरा-चवदा वर्षांचा असतां, तो ब्रिटिश कोलंबिया प्रांतीं गेला. त्याचें लग्न लहानपणींच झालेलें होतें; पत्नी पंजाबांत राहिली. ती तेथेंच कां राहिली, याचें उत्तर त्या वेळच्या कायद्यांत आहे. जन्मदेशाहून वाटेंत कोठेंहि न थांबतां थेट आलेल्या उतारूसच उतरूं द्यावें, असा नियम कॅनडा सरकारनें १९०८ सालीं केला. हिंदुस्थानाहून अशी थेट जहाजवाट त्या वेळीं नव्हती. नियमांत हिंदी लोकांचें नांवहि नाहीं; आणि तेंच त्यांतील कसब होय! १९१४ च्या मे महिन्यांत कोमागाटा मारू हें जहाज ३७६ हिंदी उतारू घेऊन व्हँकूव्हर बंदरीं आलें, तें दोन महिने अडकवून ठेवून २३ जुलैस परत लावण्यांत आलें. त्यानंतर बाराव्या दिवशीं महायुद्ध सुरू झालें.

हा सर्व प्रकार डोळ्यांसमोर घडला असतां १९१५ च्या वसंतऋतूंत बक्कम सिंग यानें ऑन्टॅरिओ प्रांतांत सैन्यांत नांव घातलें. त्यापूर्वीं तो शेतावर मजुरी करीत असे. त्यानें हें कां केलें? रोजगार, धाडस, किंवा रक्त सांडल्यावर तरी हक्क मिळेल ही आशा, यांपैकीं कोणतेंहि कारण कल्पितां येईल. परंतु कारण लिहिण्यास त्या छापील कागदावर रकानाच नव्हता, म्हणून आम्हीं कल्पना करीत नाहीं. १९१६ सालीं फ्लँडर्सच्या रणांगणीं तो दोन वेळां जखमी झाला. दोन्ही जखमांतून तो वांचला, पण पुढें क्षयानें गांठलें. २७ ऑगस्ट १९१९ रोजीं ऑन्टॅरिओंतील किचनर येथें, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, तो वारला व तेथील माउंट होप दफनभूमींत पुरला गेला. हिंदी लोकांस कॅनडांत मताधिकार मिळावयास १९४७ साल उजाडावें लागलें. त्या महायुद्धांत कॅनडाच्या फौजेंत दहाच्या आसपासच शीख होते असें आज ठाऊक आहे.

दुसरा शिपाई फ्रान्सिस पेगामागाबो हा त्या भूमीचा मूळचा रहिवासी, ओजिब्वे जातीचा. १९१४ च्या ऑगस्टांतच तो १ ल्या पलटणींत दाखल झाला. ईप्रचा विषारी वायु, सोम व पाशेनडेल या सर्व प्रसंगांतून तो जिवंत परतला, आणि लष्करी शौर्यपदक व त्यावर दोन पट्ट्या हा अति दुर्मिळ मान त्यास मिळाला. त्यानें ३७८ शत्रु टिपले असें सर्वत्र लिहिलेलें आढळतें. दबून बसून एकेकट्यानें केलेल्या नेमबाजीचा हिशेब साक्षीदारावांचून किती ग्राह्य धरावा, याचा विचार वाचकानेंच करावा. पदकांना मात्र सरकारी दाखल्याचा आधार आहे. युद्धानंतर तो आपल्या जमातीचा मुख्य झाला आणि जमिनीच्या हक्कांसाठीं सरकारी एजंटाशीं भांडत राहिला. तो १९५२ सालीं वारला. त्याच्या जमातींतील लोकांस कॅनडाच्या लोकसभेसाठीं बिनशर्त मत मिळालें तें १९६० सालीं.

तिसरा जॉर्ज लॉरेन्स प्राइस. नोव्हा स्कोशियांत जन्मलेला व सॅस्कॅचेवनकडे पोटामागें गेलेला हा मजूर स्वखुषीनें लढावयास गेला नव्हता. सक्तीच्या भरतीचा कायदा १९१७ च्या ऑगस्टांत झाला व ऑक्टोबरांत त्यास धरण्यांत आलें. ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं बेल्जममधील व्हील-सुर-एन या गांवांत, कालवा ओलांडून जर्मन बंदूकवाल्यांचा शोध घेत असतां, एका नेमबाजाच्या गोळीनें तो पडला. वेळ दहा वाजून ५८ मिनिटांची दिली जाते. तहाची वेळ ११ ची होती. त्याचेंहि वय पंचविसच होतें.

प्राइस यास मॉन्सजवळील सँ सिम्फोरियँ येथें पुरलेलें आहे. त्याच दफनभूमींत जॉन पार हा या युद्धांत शत्रूच्या हातून पहिल्यानें पडलेला म्हणून समजला जाणारा ब्रिटिश शिपाई आहे. मृत्यु २१ ऑगस्ट १९१४. पारच्या दगडावर वय २० कोरलें आहे. जन्माची नोंद पाहतां तें १७ भरतें. भरती होतांना त्यानें तें वाढवून सांगितलें होतें, आणि दगडानें तेंच खरें धरलें.