परक्यांचा डेटा, आपला कायदा

परदेशातील कुशल संगणकीय कामे भारतात आली, तशी तिकडच्या माणसांची खासगी माहितीही इकडे आली. भारतातील डेटा-संरक्षणाच्या कायद्यावर या व्यवसायाची छाप आहे.

मुंबईत १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली आणि १९७३ मध्ये अंधेरीत ‘सीप्झ’ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले. सुरुवातीला प्रोग्रामरच परदेशी ग्राहकांच्या कचेऱ्यांत जाऊन काम करीत. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरात केंद्र उघडले आणि उपग्रहामार्फत काम पाठवण्याची वाट मोकळी झाली. सन २००० च्या तारखांमुळे उद्भवणाऱ्या ‘वाय-टू-के’ या संगणकीय दोषाच्या दुरुस्त्यांनी भारतीय कंपन्यांचे नाव झाले. पुढे बँका आणि विमा कंपन्यांची ग्राहकसेवाही इथल्या कॉल सेंटरांकडे आली.

२००५ मध्ये पुण्यातील अशा सेवा देणाऱ्या एका कंपनीशी (बीपीओ) संबंधित काही जणांना पोलिसांनी अटक केली. अमेरिकी बँकेच्या ग्राहकांकडून फोनवर पिन काढून घ्यायचे आणि पुण्यात बनावट नावांनी उघडलेल्या खात्यांत पैसे वळवायचे, असा आरोप होता. परदेशी ग्राहकांचा विश्वास डळमळू लागला.

या पार्श्वभूमीवर माहिती तंत्रज्ञान कायद्यात डिसेंबर २००८ मध्ये दुरुस्ती झाली. नव्या कलम ४३-अ नुसार संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या कंपनीला भरपाई द्यावी लागणार होती. सरकारी खात्यांना मात्र हे कलम लागू नव्हते. याच दुरुस्तीने कलम ६९ ची व्याप्ती वाढवून संगणकावरील संदेश अडवण्याचे, त्यांवर पाळत ठेवण्याचे आणि सांकेतिक मजकूर उलगडून घेण्याचे अधिकार सरकारला दिले. या अधिकारांची परंपरा १८८५ च्या तार कायद्यापर्यंत जाते. त्या कायद्याखालील फोन टॅपिंगला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कार्यपद्धतीचे बंधन घातले होते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला. त्याचे कलम १७ या इतिहासाचे सार सांगते. परदेशी कंपनीशी केलेल्या करारानुसार परदेशस्थ व्यक्तींचा डेटा हाताळणाऱ्यांना त्यात बऱ्याच तरतुदींतून सूट आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना तर कायदाच लागू होत नाही. व्यवसायाची सोय आणि सरकारचे अधिकार यांची तजवीज आधी झाली. नागरिकाचा हक्क मागाहून आला, आणि सरकारी पाळतीपासून त्याला या कायद्याने दिलेले संरक्षण आजही अपुरे आहे.